उलट्या कानाचा रकाना

ते एकोणीसशे सत्त्याण्णव साल होतं. लोकांनी आपल्या गाण्याच्या तबकड्या केव्हाच माळ्यावर टाकल्या होत्या, घरोघरी चकचकीत सीडी आल्या होत्या, आणि तरीही नदीकाठच्या त्या कारखान्यात तबकड्या दाबणारे दोन प्रेस रोज सकाळी आठला वाफ सोडत सुरू व्हायचे. मोठ्या कंपन्यांनी पाठ फिरवली होती. कामं यायची ती हट्टी माणसांची. कुणाला आपल्या शाळेचा वाद्यवृंद तबकडीवरच हवा असायचा, कुणाला पक्ष्यांचे आवाज. पाचशे-सहाशे नगांची ऑर्डर आली तरी साहेब दिवसभर शीळ घालत फिरायचे.

माल बाहेर पडण्याआधी तो ऐकून पास करायचा, हे कानताईचं काम. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, बाकी कुणाच्या तोंडी नव्हतं. आधी आठ वर्षं तिनं पॅकिंगमध्ये उभं राहून पुठ्ठ्याची पाकिटं चिकटवली. मग एक दिवस तिथल्या जुन्या तपासनीस बाईंनी जाता जाता थांबून विचारलं, "काय गं, मघाशी कुठला प्रेस अडखळला?"

"दुसरा," ती म्हणाली होती. "पण अडखळला नाही तो. त्याचा पट्टा सैल झालाय."

पुढच्या सोमवारी ती ऐकायच्या खोलीत बसली. त्याला आता एकवीस वर्षं झाली होती. खोली कसली, हात पसरले तर दोन्ही भिंती लागाव्यात एवढीच. पण भिंतींना जाड करडं कापड होतं, दार लावलं की बाहेरचा धडधडाट पार मिटायचा, आणि हात टेकायची खुर्ची होती. अख्ख्या कारखान्यात तशा खुर्च्या दोनच, एक साहेबांची आणि एक तिची. गोंदाच्या वासात आठ वर्षं उभं राहिलेल्या बाईला त्या खुर्चीचं काय वाटत असेल ते सांगायला नको.

जुन्या बाईंनी तिला कामातलं सगळं शिकवलं होतं. गाणं ऐकायचं नाही, गाण्याच्या मागे ऐकायचं. एका तबकडीत चरचर आली तर ती धूळ, ती तबकडी बाद करून मोकळं व्हायचं. दोन तबकड्यांत एकाच जागी आली तर दोष साच्यात, प्रेस ताबडतोब थांबवायचा. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला कारखान्यात सगळे 'उलटा कान' म्हणायचे. तबकडी एकदा सरळ ऐकून झाली की हेडफोन उलटे घालायचे, डावा उजव्या कानावर, उजवा डाव्यावर, आणि सबंध तबकडी पुन्हा ऐकायची.

"माणसाचे दोन कान कधी सारखे नसतात," बाई म्हणायच्या. "एकानं लपवलेलं दुसरा सांगतो. खोटा सूर हेडफोनबरोबर पलीकडे गेला तर तो तबकडीत आहे. जागचा हलला नाही तर तो तुझ्यात आहे. मग घरी जा आणि झोप."

तपासणीच्या पत्रकावर त्याचा वेगळा रकानाच छापलेला होता. त्यात बरोबरची खूण आणि खाली सही, एवढं झाल्याशिवाय माल हलत नसे.

आणि त्या हिवाळ्यापासून कानताई हेडफोन उलटे न घालताच त्या रकान्यात खूण करत होती.

झालं होतं असं, की एका सकाळी केस विंचरताना डाव्या कानात बारीक शिट्टी वाजायला लागली. शेजारच्या घरात कुणी किटली चढवून विसरलं असावं, तशी. सर्दी असेल म्हणून तिनं सोडून दिलं. महिना गेला, शिट्टी गेली नाही. एकदा तिनं मनगटावरचं घड्याळ काढून डाव्या कानाला लावून पाहिलं, आणि लगेच पुन्हा हातात बांधलं. त्यानंतर तिनं तो प्रयोग केला नाही. हेडफोनही उलटे घातले नाहीत. जोवर घालत नाही तोवर काही नक्की नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. तशी ती खोटं बोलणारी बाई नव्हती. एक खूण केली, मग दुसरी करणं भाग पडलं, इतकंच.

त्या बुधवारी इंजिनकाका दोन तबकड्या तळहातांवर तोलत आत आले. पहिल्या प्रेसवर त्यांनी तीस वर्षं काढली होती आणि छातीत वाफ अशी बसली होती की साधं बोलले तरी फुसफुसायचे.

"घे," ते म्हणाले. "कानात कापूस घालून ऐक म्हणजे झालं."

"का, काय आहे?"

"मला कळलं असतं तर सांगितलं नसतं का? हे पाकीट बघ. नाव वाचून दाखवलंस तर चहा माझ्याकडून."

तिनं पाकीट हातात घेतलं. काळ्या पाकिटावर उपटलेल्या झाडाच्या मुळांसारखं पांढरं काहीतरी पसरलं होतं. तिनं ते फिरवून पाहिलं.

"वरून वाच नाहीतर खालून वाच," काका म्हणाले, "सारखंच. मागे चौघांचे फोटो आहेत, तोंडाला चुना फासलेले. आणि ऐक, साहेबांची घाई चाललीय. उद्या चारला गाडी आहे म्हणे, शनिवारी ह्यांचा कुठेतरी कार्यक्रम. सकाळपासून तिसऱ्यांदा विचारून गेले, ताईंची सही झाली का."

कानताईला गाण्याचं फार वेड होतं असं नाही. भाजी चिरताना रेडिओवर लागेल ते ती ऐकायची, आणि घरी आल्यावर तेही नको व्हायचं. तिनं सुई टेकवली. सुरुवातीला नुसती व्हायोलिनं, संथ आणि गंभीर, आणि कुठेतरी लांब घंटा. तिला वाटलं, काका उगाच घाबरवतात. आणि मग एकदम असा आवाज झाला, की जणू कुणी भांड्यांचं कपाट जिन्यावरून ढकलून दिलं आणि तो जिना संपलाच नाही. ढोल इतके जलद, की ठोके वेगळे काढता येईनात. गिटारींची एक सलग करवत. आणि त्या सगळ्यावर एक माणूस ओरडत होता. शब्द नव्हतेच, घसा सोलवटून निघाल्यासारखं काहीतरी, वादळात पलीकडच्या काठावर हाक मारावी तसं.

तिनं आवाज कमी केला, पण तिची अडचण वेगळीच होती. गाण्याच्या मागे ऐकायचं, तर ह्या गाण्याला मागची बाजूच नव्हती. दोष सापडतो तो शांततेत, सुरांच्या मधल्या फटीत. इथे बोट शिरेल एवढीही फट नव्हती.

तिसऱ्या गाण्यापर्यंत तिचा मणका ताठ झाला होता. पण कान हा फार सोशिक असतो, कशालाही सरावतो. प्रेसच्या धडधडाटात आपण एकमेकांशी बोलू शकतो, तसं तिला हळूहळू त्या कल्लोळाच्या आतलं दिसायला लागलं. ढोलांच्या वेगाखाली व्हायोलिनं सावकाश, आपल्या चालीनं चालली होती. ओरडणारा माणूस त्यांच्यापाठी धावत होता आणि त्याला ती सापडत नव्हती. चौथ्या गाण्याच्या मध्यावर सगळं एका क्षणात थांबलं. फक्त ऑर्गनसारखा एक सूर राहिला आणि त्यावर माणसांचे गळे, खूप माणसांचे, उजवीकडून पुरुषांचे. आणि डावीकडून शिट्टी.

कानताईनं सुई उचलली. पुन्हा टेकवली. त्याच जागी शिट्टी. दुसरी तबकडी लावली. त्यातही तिथेच.

दोन तबकड्यांत एकाच जागी, म्हणजे साचा खराब. तिनं पेन उचललं आणि मिनिट-सेकंद लिहायला घेतलं, आणि मग तिचा हात थांबला. सुई वर होती, तबकडी नुसती फिरत होती, आणि शिट्टी अजून वाजत होती.

हेडफोन गळ्यात होते. ते उलटे घालायला दोन सेकंद पुरले असते. पुढची दहा मिनिटं ती त्यांच्याकडे बघत बसली. शिट्टी कानातली असेल तर ती लिहायची नाही. ती लिहिली आणि साहेबांनी स्वतः ऐकलं तर त्यांना काही ऐकू येणार नाही, आणि मग ते तिच्याकडे बघतील. नाही लिहिली आणि तशीच एक तबकडीतही असली तर? मग सहाशे तबकड्या शिट्टी वाजवत जगभर जातील.

दारावर टकटक झाली. काचेतून साहेब मनगटावर बोट आपटत होते. घड्याळ दाखवल्याशिवाय त्या माणसाला बोलताच यायचं नाही.

कानताईनं उलट्या कानाच्या रकान्यात खूण केली, सही केली, आणि पत्रक दाराच्या फटीतून सरकवलं. थोड्याच वेळात पहिल्या प्रेसनं वाफ सोडली.

जेवणाच्या सुट्टीत ती हात धुऊन आली, तर मधल्या खोलीत पाहुणे बसले होते. एक उंच माणूस, काळा लांब कोट, कमरेपर्यंत केस, मनगटावर खिळे मारलेला चामड्याचा पट्टा. त्याच्या शेजारी एक गोल, ठेंगणी बाई मांडीवर पिशवी घेऊन.

"ताई, हे आपले संगीतकार," साहेब म्हणाले. "आणि ह्या त्यांच्या मातोश्री."

"नमस्कार काकू," तो खिळ्यांचा माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही ऐकलंत ना? फार त्रास झाला असेल तुम्हाला."

"पिल्लू, नीट बस," आई म्हणाली. "कोट चुरगळतोय."

इंजिनकाका दारात उभे होते. त्यांना खोकल्याची उबळ आली की हसण्याची, ते कळलं नाही, पण संध्याकाळपर्यंत अख्ख्या कारखान्यात त्या माणसाचं नाव पिल्लू झालं होतं.

"कशाबद्दल आहे ते?" कानताईनं विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"एका गावाची गोष्ट आहे," तो म्हणाला. "तिथला हिवाळा संपतच नाही. पुरुष बर्फावर शिकारीला जातात आणि परत येत नाहीत. तो ओरडणारा आहे ना, तो त्यांच्यातला शेवटचा. आणि चौथ्या गाण्यात काठावरून बायका हाका मारतात."

"त्या बायका म्हणजे आम्ही!" आईला राहवेना. "मी धुलाईकेंद्रात आहे ना, इस्पितळांच्या चादरी धुतो आम्ही. तिथल्या अकराजणी. कपडे वाळवायच्या खोलीत घुमतं छान, म्हणून ह्यानं तिथेच माईक लावले. तीन रविवार आम्ही नुसतं 'आ' करत होतो. मुकादमीण म्हणाली, तुमच्या पोराला एखादा शब्द सुचत नाही का?" ती हसली, मग जरा पुढे झुकली. "मी सगळ्यात वरच्या सुरात आहे. डाव्या बाजूला. तिथे ढोलबिल सगळं थांबतं, आम्ही एकट्याच असतो. माझा आवाज वेगळा कळतो का हो? खरं सांगा. पिल्लू म्हणतो कळतो, पण तो माझा मुलगा."

कानताईनं ओले हात पुन्हा पुसले. डावीकडे तिला बायका ऐकूच आल्या नव्हत्या. अकरा बायका. तिला ऐकू आली होती फक्त शिट्टी.

"कळतो की," ती म्हणाली. "अगदी स्पष्ट."

"बघ!" आई मुलाच्या दंडावर चापट मारत म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

त्या संध्याकाळी कानताईच्या हातून दोनदा काहीतरी जळलं आणि घरभर धूर झाला. नवरा बसवर ड्रायव्हर होता, गेल्याच वर्षी निवृत्त झालेला. त्यानं उठून खिडक्या उघडल्या आणि टेबलाशी येऊन बसला. ती उठली आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचारा."

"तीस वर्षं आपण पलंगावर आपापल्या ठरलेल्या बाजूला झोपलो. डिसेंबरात तू म्हणालीस, खिडकीचा वारा लागतो, बाजू बदलू. बदलली. जेवताना बाजू बदललीस, तीही मी बदलू दिली. परवा फुटपाथवर मला ढकलून पलीकडे गेलीस. आता तिथे कुठली खिडकी होती?"

तिनं टेबलावरची रिकामी वाटी पुढे सरकवली.

"अगं, मी तीस वर्षं आरशात बघून गाडी चालवली आहे," तो म्हणाला. "मागून कोण कुठल्या बाजूनं येतंय ते मला कळतं. डावा ना?"

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"बाजू बदललीस तेव्हापासून. म्हटलं, सांगशील आपणहून."

"सांगितलं तर खुर्ची जाईल हो."

"जाईल," तो म्हणाला. त्यानं तिला खोटा धीर दिला नाही, आणि तेच तिला पुढे कित्येक वर्षं आठवत राहिलं. "मला सांग, न सांगून काय जातंय?"

गुरुवारी ती सातलाच कारखान्यात पोचली. रखवालदारानं आश्चर्यानं किल्ली दिली. पहिल्या प्रेसशेजारी काळ्या तबकड्यांच्या चळती उभ्या होत्या, चारशेच्या वर. तिनं एका चळतीतून एक काढली, दुसऱ्या चळतीतून दुसरी, आणि आत जाऊन दार लावलं. मग हेडफोन उचलून उलटे घातले. घाईत ते एकदा केसांत अडकले.

तिनं सुई थेट चौथ्या गाण्यावर ठेवली. करवत, ढोल, ओरडणारा माणूस. मग सगळं थांबलं.

शिट्टी जागची हलली नव्हती. डाव्या कानात, होती तिथेच. म्हणजे झालं, ते आता नक्की होतं. पण ते पुरतं मनात उतरायच्या आत उजव्या कानात बायका आल्या. अकराजणी, साध्या, थोड्या कापऱ्या, कुणाचा श्वास आधी संपणारा, कुणाचा नंतर. आणि त्यांच्या सगळ्यांच्या वर एक आवाज चढत गेला, जरासा बेसूर, न घाबरता. दोन दिवसांत त्या तबकडीवर पहिल्यांदाच तिला कुणीतरी माणूस भेटल्यासारखं वाटलं.

टक.

ती दचकली. फिरती तबकडी एक फेरी पुरी करून आली. टक. पुन्हा एक फेरी. टक. बायकांच्या सुराच्या ऐन मध्यात, नखानं टिचकी मारावी तशी, पावणेदोन सेकंदांनी एक. तिनं दुसरी तबकडी लावली. टक. टक. त्याच जागी.

साच्यावर ओरखडा होता. डाव्या बाजूला. कालही तो तिथेच होता, आणि तिच्या डाव्या कानानं तो तिला सांगितला नव्हता.

साहेब साडेआठला आले. तिनं त्यांना दारातच गाठलं.

"साहेब, प्रेस थांबवा. साचा गेलाय."

"कुठला साचा?"

"पिल्लूचा... त्या कालच्या ऑर्डरचा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "ताई, चारला गाडी आहे."

"ऐका तरी."

त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा आधी उतरला, मग सावरला. "हे होय? ताई, हा सगळा आरडाओरडा ऐकणारे लोक, त्यांना ही टिचकी ऐकू येणार आहे?"

"बायका गातात तिथे येते."

"अर्धं मिनिट! पंचेचाळीस मिनिटांतलं अर्धं मिनिट!"

एवढ्यात पिल्लू आणि त्याची आई आत आली. आईच्या खांद्यावर धुतलेल्या जुन्या चादरींचा गठ्ठा होता, खोकी गाडीत आपटू नयेत म्हणून गुंडाळायला आणलेला. लपवण्यात अर्थ नव्हता. साहेबांनी पिल्लूला हेडफोन दिले. तो डोळे मिटून, मान खाली घालून ऐकत राहिला, आणि केसांमुळे त्याचं तोंड कुणाला दिसेना.

"ऐकू येतंय," तो शेवटी म्हणाला. "नवा साचा काढायला किती दिवस?"

"आठ. दहाही लागतील," कानताई म्हणाली.

"शनिवारी कार्यक्रम आहे. सहा वर्षं आम्ही ह्याची वाट बघतोय." त्यानं खिळ्यांचा पट्टा मनगटावर फिरवला. "काकू, खरं सांगायचं तर आमच्यात आवाज जितका ओरखडलेला तितका लोकांना आवडतो. कित्येक जण मुद्दाम खराब माईकवर करतात. राहू दे तो."

"झालं तर मग!" साहेबांनी टाळीच वाजवली. "गिऱ्हाइकाला चालतंय. ताई, काल तुमची सही झालेलीच आहे. माल जाऊ दे."

कानताईला तेव्हा काय वाटलं असेल? सगळी दारं आपणहून उघडली होती. गिऱ्हाईक राजी, साहेब राजी, पत्रकावर सही आहे, रकान्यात खूण आहे. तिनं नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. मग ती खुर्चीत जाऊन बसली असती आणि कुणी कधीच काही विचारलं नसतं.

तिनं त्या आईकडे पाहिलं. आई चादरीची घडी उगाच मोडून पुन्हा घालत होती.

"तुम्ही मुद्दाम ओरखडा घातला असता तर मी सही केली असती," ती पिल्लूला म्हणाली. "हा तुम्ही घातलेला नाही. हा आमच्याकडे पडला. माझी कालची सही खोटी आहे."

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"उलटा कान मी लावलाच नव्हता. नुसती खूण केली." तिनं घडी घातलेला एक कागद काढला. "नुसतं कालच नाही. डिसेंबरपासून. माझा डावा कान गेलाय, साहेब. डिसेंबरपासून सत्तावीस ऑर्डरी गेल्या, मी यादी केली आहे. डाव्या बाजूला काय होतं, मला माहीत नाही." मग ती आईकडे वळली. "आणि काल तुम्हाला मी सांगितलं की तुमचा आवाज कळतो, तेही खोटं होतं. मला तुम्ही ऐकूच आला नव्हतात. आज सकाळी ऐकलं."

बाहेर प्रेस तबकड्या दाबत होता, दर अर्ध्या मिनिटाला एक.

"आणि?" आईनं विचारलं.

"वरच्या सुराला जरा बेसूर होतात तुम्ही."

"ते मला माहीत आहे!" आई म्हणाली. मग तिनं मुलाकडे तोंड केलं, आणि पिल्लू म्हणून हाक मारणारा तो आवाज नव्हता. "अकराजणी तीन रविवार उभ्या राहिल्या. त्यांतल्या एकीला वाताचा त्रास, तीही एक रविवार चुकली नाही. त्यांच्या मधोमध टकटक ऐकवणार तू त्यांना? आवाज खराब करायचा तर तुझा कर. आमचा नाही."

पिल्लू काचेपाशी गेला आणि इंजिनकाकांना हातानं खूण केली. काकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि मग पहिल्यांदाच, घड्याळावरचा हात खाली घेऊन त्यांनी मान हलवली. प्रेस थांबला.

नंतर साहेब फार बोलले. कोंडलेली वाफ सुटावी तसे बोलले, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून कानताईनं सगळं उभ्यानं ऐकून घेतलं.

त्या चारशे तबकड्या भरडून पुन्हा लगद्यात गेल्या. शनिवारचा कार्यक्रम तबकड्यांशिवाय झाला, आणि अकरा दिवसांनी नव्या साच्यावरचा माल गेला. सत्तावीस ऑर्डरींच्या राखून ठेवलेल्या प्रती महिनाभर पुन्हा ऐकल्या गेल्या. तीन सदोष निघाल्या. साहेबांनी तिघांनाही पत्रं लिहिली. दोघांनी नव्या तबकड्या मागवल्या. तिसरी ती शाळा. तिथल्या संगीत शिक्षकांनी कळवलं, की आमच्या मुलांच्या वाद्यवृंदात एक टिचकी कुठली ते ओळखणं आम्हाला जमलं नाही.

कानताई सोमवारपासून पॅकिंगमध्ये परत गेली. ऐकायच्या खोलीत पॅकिंगमधलीच एक बाई बसली, कानताईनं निवडलेली. तिला काम शिकवायला पहिले दोन महिने कानताई रोज तासभर खुर्चीशेजारी उभी राहायची. हजेरीपटावरून तिचं 'तपासनीस' खोडलं गेलं, पण नाव कानताईच राहिलं. लोकांना नवं नाव पाडायचा कंटाळा.

इंजिनकाका दुसऱ्या वर्षीच्या थंडीत गेले. शेवटच्या दिवसांत इस्पितळात ते पिल्लूची नक्कल करून नर्सबाईंना हसवायचे. कारखाना दोन हजार तीन साली बंद पडला. साहेबांनी मग घड्याळांच्या दुकानात नोकरी धरली. ती त्यांना मनापासून मानवली, असं त्यांची बायको सांगायची.

पिल्लूच्या मंडळींनी आणखी एक तबकडी काढली, मग ढोलवाला परदेशी गेला आणि सगळं विस्कटलं. पिल्लूनं केस कापले. तो आता मुलांना पियानो शिकवतो, आणि त्याच्या विद्यार्थ्यांना तो कोण होता याची कल्पना नाही. ती तबकडी मात्र शोधणारे लोक अजून आहेत. चौथ्या गाण्यातल्या बायका कोण, ह्यावर त्यांच्यात वाद चालतात. कुणी म्हणतं मठातल्या, कुणी म्हणतं परदेशातलं मोठं गायनमंडळ. धुलाईकेंद्राचं नाव पाकिटावर आहे, पण ती अक्षरं कुणाला वाचता येत नाहीत. पिल्लूची आई एकोणऐंशी वर्षांची होऊन वारली. तिच्यामागे अकराजणींपैकी दोघी राहिल्या.

ड्रायव्हर नवरा दहा वर्षांपूर्वी गेला, झोपेत. कानताईच्या डाव्या कानाला यंत्र आहे. ते ती पाहुणे आले की लावते आणि ते गेले की काढते. ती तबकडी तिच्याकडे नाही. कारखान्याचा माल घरी न्यायला बंदी होती, आणि पिल्लूनं देऊ केलेली प्रत तिनं घेतली नाही; ज्या मालावर आपण खोटी सही केली, तो भेट म्हणून घेणं तिला बरं वाटेना.